जाग आली नाही, तरी हृदयाला कळते

मध्यरात्री गल्लीत उभ्या मोटारीचा अलार्म कोकलू लागतो. चोर नसतोच. मांजराने बॉनेटवर उडी मारलेली असते, वरातीतला फटाका फुटलेला असतो किंवा जवळून जड ट्रक गेलेला असतो. धक्का ओळखणाऱ्या सेन्सरला यातला फरक कळत नाही. बॅटरी उतरली, तरी काही गाड्यांचा अलार्म उगाच वाजतो.

गोंदिया हे रेल्वे जंक्शन. रुळांजवळ राहणाऱ्यांना गाड्यांच्या आवाजाची सवय होते, असे आपण मानतो. ते अर्धेच खरे. सवयीने जाग कमी येते. पण कान झोपेतही मेंदूला आवाज कळवत असतात. शरीर त्याला धोका समजते, ॲड्रेनॅलिन स्रवते, नाडीचे ठोके आणि रक्तदाब वाढतात. अवचित, थांबून थांबून वाजणाऱ्या अलार्मची तर सवयही नीट होत नाही. वर्षानुवर्षे रात्रीचा गोंगाट सोसल्यास उच्च रक्तदाब आणि हृदयविकाराचा धोका वाढतो.

२००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबलची मर्यादा आहे. दर १० डेसिबलला आवाजाची तीव्रता दहापट होते.

गाडी तुमची असेल, तर मेकॅनिककडून सेन्सरची संवेदनशीलता कमी करून घ्या, बॅटरी तपासा, शेजाऱ्यांकडे आपला मोबाइल क्रमांक देऊन ठेवा. गाडी शेजाऱ्याची असेल, तर आधी त्याच्याशी बोला. तरीही फरक पडला नाही, तर पोलिसांचा ११२ क्रमांक आहेच. शेजारच्या घरात एखादा हृदयरुग्ण किंवा तान्हे बाळ झोपलेले असू शकते.