भोंग्यावरचा विश्वास

कामरगावच्या शिवारात कपाशी, सोयाबीन आणि तूर पिकते. घातक रसायनांचा कारखाना ही तेथील वडीलधाऱ्यांना दूरची बाब वाटते. परंतु ती दूर राहतेच असे नाही. मुलगा डोंबिवली, बोईसर किंवा महाडकडे नोकरीस लागतो, तेथे घर करतो आणि आईवडिलांना बोलावून घेतो. ज्यांचे आयुष्य मोकळ्या हवेत गेले, ते उतारवयात औद्योगिक वसाहतीलगतच्या इमारतीत राहू लागतात. मुलगा-सून कामावर, नातवंडे शाळेत आणि दिवसभर घरात हेच दोघे. म्हणून कारखाना आणि वस्ती यांच्यातील विश्वासाचा प्रश्न कामगारांइतकाच या ज्येष्ठांचाही आहे.

डोंबिवलीचेच पाहा. २६ मे २०१६ रोजी तेथील औद्योगिक वसाहतीत ‘प्रोबेस’ कंपनीत भीषण स्फोट झाला. २०२० साली त्याच परिसरातील एक रस्ता रसायनाने गुलाबी झालेला महाराष्ट्राने पाहिला. २३ मे २०२४ रोजी ‘अमुदान’ कंपनीत पुन्हा स्फोट झाला; माणसे दगावली आणि दूरवरच्या घरांच्या काचा फुटल्या. ‘सर्व काही सुरक्षित आहे’ असे नुसते सांगून अशा ठिकाणी कोणाचा विश्वास बसणार?

विश्वास कशाने बसतो, याचे उत्तर भोंग्यापाशी सापडते. डिसेंबर १९८४ मधील त्या रात्री भोपाळच्या कारखान्यातून विषारी वायू सुटला, तेव्हा वस्तीला सावध करणारा मोठा भोंगा थोडा वेळ वाजून बंद झाला. लोकांना उगाच घबराट नको, असा तेथील कार्यपद्धतीमागचा विचार होता. मृत्यू कोणत्या वायूने होत आहेत, हे रुग्णालयातील डॉक्टरांनाही नीट सांगितले गेले नाही. पुढे ७ मे २०२० रोजी पहाटे विशाखापट्टणमच्या ‘एलजी पॉलिमर्स’मधून स्टायरीनची वाफ सुटली आणि झोपलेल्या गावात शिरली. भोंग्याची सोय असूनही तो वाजवला गेला नव्हता, असे चौकशीत आढळले. यंत्र बिघडू शकते, हे सामान्य माणूस समजून घेतो. बिघाड लपवला गेला, तर मात्र तो कारखान्यावर पुन्हा विसंबत नाही.

लपवू नये असे कायदाही सांगतो, आणि हे फार थोड्या घरांना ठाऊक असते. भोपाळनंतर, १९८७ साली, कारखाने अधिनियमात कलम ४१-ब आले. धोक्याची माहिती कामगारांना आणि आसपासच्या जनतेलाही देणे त्याने कारखानदारास बंधनकारक केले. १९८९ च्या नियमांनुसार मोठ्या अपघाताचा संभव असलेल्या कारखान्याने शेजाऱ्यांना धोक्याचे स्वरूप आणि त्या प्रसंगी काय करावे, काय टाळावे हे कळवायचे असते. १९९६ च्या नियमांनी जिल्हा व स्थानिक पातळीवर आपत्ती गट निर्माण केले. स्थानिक गटात कारखाना निरीक्षक, अग्निशमन अधिकारी आणि पोलीस यांच्याबरोबर सरपंच किंवा वस्तीतील प्रमुख व्यक्ती, परिसरातील दोन डॉक्टर आणि दोन समाजसेवक असावेत, अशी तरतूद आहे. गटाने दरमहा भेटावे आणि सहा महिन्यांतून एकदा पूर्ण स्वरूपाची रंगीत तालीम घ्यावी, असेही नियम सांगतो. कागदावर हे सारे उत्तम आहे. आपल्या वसाहतीत शेवटची तालीम कधी झाली, असा प्रश्न आपण सोसायटीच्या वतीने उपविभागीय अधिकाऱ्यांना लेखी विचारावा. विचारण्यात उद्धटपणा नाही. ज्या व्यवस्थापनाला शेजारधर्म कळतो, ते असा प्रश्न आला की दार उघडून माणसे आत बोलावते.

तालमीत एक गोष्ट आवर्जून मागावी. धडधाकट माणसे रांगेने बाहेर पडताना दाखवणे सोपे असते. अंथरुणाला खिळलेल्या आजींना तिसऱ्या मजल्यावरून कोण उतरवणार, किती वेळात, हे करून पाहिले पाहिजे. ज्यांना ऐकू कमी येते त्यांच्यासाठी भोंगा निरुपयोगी. त्यांचे दार ठोठावणारा शेजारी आधीच ठरलेला हवा. स्मृतिभ्रंश झालेल्या व्यक्ती भोंग्याने बिथरतात, त्यांच्याजवळ ओळखीचा माणूस असावा. अशा घरांची यादी सोसायटीने करावी आणि त्या कुटुंबांच्या संमतीने अग्निशमन केंद्राला द्यावी.

बाहेर पळावे की घरात थांबावे, हे वायूवर अवलंबून असते. म्हणून प्रशासनाची सूचना प्रमाण मानावी. घरात थांबण्यास सांगितले, तर दारे-खिडक्या बंद करून फटींना ओले कापड लावावे आणि एक्झॉस्ट पंखा बंद करावा. विदर्भातील माणसांसाठी एक विशेष सूचना: कूलर प्रथम बंद करा. तो बाहेरची हवा ओढूनच खोली गार करतो. ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरही खोलीतीलच हवा घेतो, याचीही आठवण ठेवावी. ज्यांना तो लागतो त्यांनी भरलेला लहान सिलिंडर जवळ ठेवण्याविषयी डॉक्टरांशी आधीच बोलावे. क्लोरीन हवेपेक्षा जड असतो, तो खाली साचतो. अशा वेळी तळघर टाळून वरच्या मजल्यावर जाणे बरे. नाकावर धरलेला ओला रुमाल काही वायूंना थोडाफार अडवतो, सर्वांना नाही. आणि धाप लागलेल्या वृद्धाच्या तोंडावर तो दाबून धरू नये. डोळे चुरचुरल्यास स्वच्छ पाण्याने निदान पंधरा मिनिटे धुवावेत.

क्लोरीनचे नाव घेतले, कारण तो केवळ महानगरांत नसतो. मोठ्या जलशुद्धीकरण केंद्रांत त्याच्या टाक्या असतात. जुलै २०१० मध्ये मुंबईच्या शिवडी भागात बंदराच्या आवारात वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या सिलिंडरांतून तो गळला आणि शंभराहून अधिक लोक बाधित झाले. तेव्हा कारखाना नसलेल्या गावातही, पाण्याच्या टाकीवर काय साठवले आहे आणि त्याची देखभाल कोण करतो, हे नगरपरिषदेत विचारून ठेवणे अस्थानी नाही.

आणखी एक बाब डॉक्टरांच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. क्लोरीनसारख्या काही वायूंचा फुप्फुसांवरील परिणाम काही तासांनी उमटतो. संध्याकाळी ठीक वाटलेल्या आजोबांना रात्री धाप लागू शकते. दमा, हृदयविकार किंवा फुप्फुसाचा जुना आजार असलेल्यांवर निदान चोवीस तास लक्ष ठेवावे, त्रास वाढताच १०८ वर रुग्णवाहिका मागवावी. अशा वेळी डॉक्टरांचा पहिला प्रश्न असेल, वायू कोणता होता? शेजारच्या कारखान्यात कोणती रसायने आहेत ती व्यवस्थापनाकडून लिहून घ्यावीत, आणि तो कागद मोठ्या अक्षरांत, औषधांच्या डब्याच्या झाकणावर चिकटवावा.