अपंगांची चित्रशाळा

वरोऱ्याजवळील आनंदवनाची शुभेच्छापत्रे आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी आली असतील. बाबा आमटे यांनी १९४९ साली कुष्ठरोग्यांसाठी वसविलेल्या ह्या वसाहतीत पुढे अंध, बधिर व अस्थिव्यंग जनांनाही हस्तव्यवसाय मिळाले. मात्र हस्तव्यवसायात नमुना बहुधा आधीच ठरलेला असतो. चित्रशाळेत काय करावयाचे हे कलावंताने ठरवावयाचे असते. हा भेद आम्हांस महत्त्वाचा वाटतो.

अमेरिकेत ओकलंड येथे १९७४ साली 'क्रिएटिव्ह ग्रोथ' ही अपंग कलावंतांची चित्रशाळा निघाली. १९८७ मध्ये ज्युडिथ स्कॉट ही बाई तेथे आली. ती डाउन सिंड्रोम घेऊन जन्मलेली व लहानपणीच बहिरी झालेली. तिचे बहिरेपण दीर्घकाळ कोणाच्या ध्यानातच आले नव्हते, आणि आयुष्याची पस्तीसेक वर्षे तिने संस्थांच्या भिंतींआड काढली होती. रंग व कागद यांत सुमारे दोन वर्षे तिचे मन रमले नाही. तरी तिची जागा कोणी काढून घेतली नाही. पुढे सूत हाती आले. मग सापडेल ती वस्तू सुताने गुंडाळीत तिने २००५ मध्ये मृत्यू येईपर्यंत शिल्पे घडविली; त्यांतील काही आज संग्रहालयांत आहेत.

हैदराबादेतील बरकतपुऱ्यासारख्या वस्तीत एखाद्या मंडळीस असे काम आरंभावयाचे झाल्यास तळमजल्यावरची खोली, चाकांची खुर्ची आत येईल एवढे दार, योग्य उंचीचे मेज व नाना तऱ्हेचे साहित्य लागेल. खरा खर्च वेळेचा आहे. शिक्षकाने कलावंताचा हात धरून चित्र 'सुधारू' नये. विक्रीचा हिशेब त्यास दाखवावा आणि चित्राखाली त्याचेच नाव घालावे. नाताळाची कार्डे घेताना ते नाव आम्हीही क्वचितच वाचले आहे.