इज्तिहादचे दार: आधुनिक इस्लाममधील सुधारणा आणि कुराणाचे अर्थ

इस्लामी धर्मशास्त्रात ‘इज्तिहाद’ आणि ‘तक्लीद’ ही जोडी फार जुनी आहे. मूळ आधारांवरून स्वतःच्या बुद्धीने निर्णय काढणे म्हणजे इज्तिहाद, आणि पूर्वीच्या इमामांनी काढलेला निर्णय प्रमाण मानून चालणे म्हणजे तक्लीद. कुराणात ११४ सूरा आणि सहा हजारांवर आयती आहेत. त्यांपैकी थेट कायदा सांगणाऱ्या आयती परंपरेने पाचशेच्या आसपासच मोजल्या जातात. बाकीचा सारा डोलारा हदीस (पैगंबरांची वचने व आचरण), विद्वानांची सहमती आणि सादृश्याने केलेले अनुमान यांवर उभा राहिला व सुन्नी पंथात तो हनफी, मालिकी, शाफई आणि हंबली या चार परंपरांत स्थिरावला. त्यानंतर इज्तिहादचे दार बंद झाले असे म्हटले जाऊ लागले. ते खरोखर बंद होते की नुसते लोटलेले होते, यावर अभ्यासकांत वाद आहे. सुधारकांनी मात्र ते बंद आहे असे धरूनच त्याला धक्का दिला.

पहिला धक्का देणारे दोघे एकाच वर्षी, १७०३ मध्ये, जन्मले: अरबस्तानातल्या नज्दमध्ये मुहम्मद इब्न अब्दुल वहाब आणि उत्तर हिंदुस्थानात शाह वलीउल्लाह. दोघेही मदिनेत हदीस शिकले. मूळ ग्रंथाकडे परत चला, हा दोघांचाही आग्रह होता, पण त्यांच्या वाटा वेगळ्या झाल्या. इब्न अब्दुल वहाब यांना कबरींपुढचे नवस आणि संतांचा धावा यांत उघड अनेकेश्वरवाद दिसला. १७४४ मध्ये त्यांनी दिरियाचे अमीर मुहम्मद इब्न सऊद यांच्याशी हातमिळवणी केली आणि तिच्यातून पहिले सौदी राज्य उभे राहिले. शाह वलीउल्लाह सूफी परंपरेतच राहिले, निरनिराळ्या विधिपरंपरांमधले अंतर कमी करू पाहत राहिले, आणि त्यांनी कुराणाचे फारसीत भाषांतर केले. फारसी तेव्हा दरबाराची आणि शिकल्यासवरल्या माणसाची भाषा होती. त्यांचे पुत्र शाह रफीउद्दीन व शाह अब्दुल कादिर यांनी हेच काम उर्दूत केले. अरबी न येणाऱ्याच्या हाती ग्रंथ गेला, पुढे त्याला छापखान्याची जोड मिळाली, आणि अर्थ लावण्यावरची उलेमांची मक्तेदारी हळूहळू सैल होऊ लागली.

१८५७ नंतरच्या पडझडीत सर सय्यद अहमद खान यांनी हा प्रश्न आणखी पुढे नेला. १८७० मध्ये ‘तहजीबुल अखलाक’ हे नियतकालिक आणि १८७५ मध्ये अलीगढचे विद्यालय ही त्यांची कामे सर्वांना माहीत असतात. त्यांचे कुराणभाष्य फारसे कोणी उघडत नाही. कुराण ही ईश्वराची उक्ती आणि निसर्ग ही त्याची कृती, आणि ईश्वराच्या उक्तीत व कृतीत विरोध असूच शकत नाही, हे त्यांचे सूत्र. दोहोंत विरोध दिसला तर वाचणाऱ्याच्या समजुतीत चूक आहे. या सूत्राने त्यांनी फरिश्ते, जिन्न आणि चमत्कार यांचे निसर्गनियमांत बसणारे अर्थ लावले. मूसाने समुद्र ओलांडला तो ओहोटीच्या वेळी, असे त्यांचे म्हणणे. विरोधकांनी त्यांना ‘नेचरी’ ठरवले, त्यांच्यावर कुफ्रचे फतवे निघाले. हे विचार अलीगढच्या धर्मशिक्षणात आणायचे नाहीत, हे त्यांना मान्य करावे लागले. संस्था वाचली, भाष्य एकाकी पडले.

त्यांचे सर्वांत तिखट टीकाकार जमालुद्दीन अफगाणी त्या सुमारास दख्खनमध्ये, हैदराबादेत होते. तिथेच त्यांनी फारसीत ‘नेचरीं’चे खंडन लिहिले. अफगाणींचा खरा राग सर सय्यदांच्या इंग्रजनिष्ठेवर होता. दोनच वर्षांनी, १८८३ मध्ये, पॅरिसमध्ये फ्रेंच विद्वान रेनानला उत्तर देताना धर्म आणि तत्त्वज्ञान यांच्या संघर्षाविषयी त्यांनी जे लिहिले, ते वाचून हैदराबादच्या श्रोत्यांना बहुधा घेरी आली असती.

अफगाणींचे शिष्य मुहम्मद अब्दुह १८९९ मध्ये इजिप्तचे मुफ्ती झाले, आणि सुधारणेचा विचार प्रथमच अधिकाराच्या गादीवर बसला. अब्दुह यांची पद्धत दोन आयती शेजारी ठेवून वाचण्याची होती. चौथ्या सूरेतली तिसरी आयत चारपर्यंत बायकांना मुभा देते, पण न्याय करता येणार नाही अशी भीती असेल तर एकच करा, असेही सांगते. त्याच सूरेतली १२९वी आयत म्हणते की कितीही इच्छा असली तरी बायकांमध्ये पूर्ण न्याय तुम्हाला साधणार नाही. जुने भाष्यकार या दुसऱ्या आयतीतला न्याय म्हणजे मनाचे प्रेम असे धरत आणि मुभा कायम ठेवत. अब्दुह यांनी अट खरी मानली आणि मुभा अपवादापुरती उरवली. हे वाचन १९५६ मध्ये ट्युनिशियात कायदा होऊन आले. हबीब बोर्गिबांच्या सरकारने बहुपत्नीकत्वावर बंदी घातली आणि समर्थनासाठी याच दोन आयती पुढे केल्या.

अब्दुह यांच्या पाठीमागे मात्र वाट दुभंगली. कैरोच्या अल-अझहर विद्यापीठातल्या त्यांच्या कुराणावरच्या व्याख्यानांची टिपणे रशीद रिदा यांनी ‘अल-मनार’ मासिकात छापली आणि गुरूच्या निधनानंतर, १९०५ पासून, भाष्य स्वतः पुढे चालवले. त्यांचा कल हळूहळू सलफी कर्मठपणाकडे गेला. १९२८ मध्ये मुस्लिम ब्रदरहुड स्थापणारे हसन अल-बन्ना स्वतःला याच परंपरेतले मानत. दुसऱ्या बाजूला कासिम अमीन यांनी १८९९ मध्ये स्त्रीमुक्तीवर पुस्तक लिहिले, आणि तुर्कस्तानने १९२४ मध्ये खिलाफत रद्द केल्यावर अझहरचेच अली अब्दुर राजिक यांनी १९२५ मध्ये मांडले की खिलाफत हा धर्माचा भागच नव्हे, पैगंबरांचे कार्य संदेशाचे होते, राज्य स्थापण्याचे नव्हे. अझहरने त्यांची पदवी काढून घेतली.

इकडे हिंदुस्थानात परंपरेच्या आतून झालेली एक सुधारणा अशा खळबळजनक पुस्तकांपेक्षा जास्त उपयोगी ठरली, पण तिची आठवण कमी निघते. हनफी परंपरेत नवरा बेपत्ता झाला, छळू लागला किंवा पोसेनासा झाला तरी बाईला सुटका मिळणे जवळजवळ अशक्य होते. मात्र बाईने धर्म सोडला तर निकाह आपोआप तुटे. पंजाबात स्त्रिया हाच मार्ग घेऊ लागल्या. देवबंदी परंपरेतले मौलाना अशरफ अली थानवी यांना कोणी आधुनिकतावादी म्हणणार नाही. त्यांनी १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला मालिकी विद्वानांकडून मते मागवली आणि अशा प्रसंगी मालिकी निर्णय स्वीकारावा असा सविस्तर फतवा तयार केला. त्यावर १९३९ चा मुस्लिम विवाहविच्छेद कायदा उभा राहिला: नवऱ्याचा चार वर्षे पत्ता नसणे, दोन वर्षे पोटगी न देणे, क्रूरता ही घटस्फोटाची कारणे झाली, आणि केवळ धर्म सोडल्याने निकाह तुटणार नाही हेही त्यात आले. कुराणाचा कोणताही नवा अर्थ न लावता, शेजारच्या परंपरेतून नियम उसना घेऊन हे साधले.

कवी इकबाल यांच्यासमोरही हाच पंजाबचा प्रश्न होता. मद्रास, हैदराबाद आणि अलीगढ इथल्या व्याख्यानांतून १९३० मध्ये सिद्ध झालेल्या त्यांच्या इंग्रजी ग्रंथात इज्तिहादला इस्लामच्या रचनेतले गतितत्त्व म्हटले आहे, आणि आधुनिक काळात तो अधिकार निवडून आलेल्या विधिमंडळाकडे जावा असे सुचवले आहे.

विसाव्या शतकाच्या मध्यावरची दोन मोठी उर्दू भाष्ये शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहेत, आणि दोन्ही लेखकांचा संबंध महाराष्ट्राच्या भूमीशी येतो. अबुल कलाम आझाद यांना १९४२ पासून अहमदनगरच्या किल्ल्यात कैदेत ठेवले होते. त्यांचा ‘तर्जुमानुल कुराण’ त्याआधीचा, १९३० च्या दशकातला. पहिल्या सूरेवरच्या विस्तृत भाष्यात त्यांनी सर्व धर्मांचा गाभा असलेला ‘दीन’ एकच आणि काळानुसार बदलणारी ‘शरीयत’ निराळी, असा भेद केला. अबुल आला मौदूदी औरंगाबादेत १९०३ मध्ये जन्मले. त्यांनी ‘इलाह’ आणि ‘रब’ या शब्दांत सार्वभौम सत्ता वाचली: ईश्वर हाच कायदा करणारा, म्हणून राज्यही त्याच्या कायद्याचे. ‘तफहीमुल कुराण’ हे त्यांचे भाष्य १९४२ ते १९७२ असे तीस वर्षे चालले. मौदूदी पत्रकार होते आणि लिहीत होते कॉलेजात शिकलेल्या वाचकासाठी. त्यांच्या राज्यकल्पनेचा इजिप्तच्या सय्यद कुत्ब यांच्यावर खोल ठसा आहे. कुत्बही मुळात साहित्यसमीक्षक होते. त्यांनी भाष्याचा मोठा भाग तुरुंगात लिहिला आणि १९६६ मध्ये त्यांना फाशी झाली. उलेमांची मक्तेदारी सैल झाल्याचा पहिला मोठा फायदा उदारमतवाद्यांना नव्हे, यांना झाला.

साहित्यदृष्टीने वाचण्याचा दुसरा एक प्रयत्न कैरोतल्या अमीन अल-खूली यांच्याकडून सुरू झाला. कुराण हा अरबीतला सर्वश्रेष्ठ ग्रंथ असेल, तर आधी तो त्याच्या पहिल्या श्रोत्यांच्या भाषेत समजून घ्या, हा त्यांचा आग्रह. त्यांचे विद्यार्थी खलफल्लाह यांनी कुराणातल्या कथांचा हेतू इतिहास सांगणे नसून उपदेश आहे असे प्रबंधात लिहिले. १९४७ मध्ये विद्यापीठाने तो नाकारला. अल-खूली यांच्या पत्नी आयेशा अब्दुर रहमान यांनी हीच पद्धत सांभाळून, वादाच्या जागा टाळून वापरली आणि त्यांना मान मिळाला. या धारेतले नंतरचे अभ्यासक नस्र हामिद अबू जैद यांना तेवढे नशीब नव्हते. ग्रंथ ईश्वराचा असला तरी तो मानवी भाषेत आणि इतिहासात उतरला, या मांडणीमुळे १९९५ मध्ये न्यायालयाने त्यांना धर्मभ्रष्ट ठरवून त्यांचा विवाह मोडीत काढला. पती-पत्नी हॉलंडमधल्या लायडनला गेले. सुदानच्या महमूद मुहम्मद ताहा यांनी मक्केतल्या आयतींचा समतेचा संदेश चिरंतन आणि मदिनेतले कायदे त्या काळापुरते, असे म्हटले. १९८५ मध्ये त्यांना खार्टूममध्ये फासावर चढवले.

पाकिस्तानचे फजलुर रहमान यांनाही १९६८ मध्ये देश सोडावा लागला, पण त्यांची पद्धत सर्वांत जास्त फैलावली. आयत उतरली त्या परिस्थितीत जाऊन तिच्यामागचे नैतिक तत्त्व शोधायचे आणि मग ते तत्त्व घेऊन आजच्या परिस्थितीत परत यायचे, अशी ही दुहेरी चाल. इंडोनेशियाचे नूरखोलिश मजीद शिकागोत त्यांचे विद्यार्थी होते. अमेरिकेच्या अमीना वदूद यांनी १९९२ च्या पुस्तकात स्त्रीविषयक आयती याच अंगाने वाचल्या. पुरुषाला स्त्रीवर अधिकार देणारी मानली जाणारी चौथ्या सूरेतली ३४वी आयत त्यांना सगळ्यांत जड गेली. काही आयतींपुढे केवळ शब्दार्थ बदलून भागत नाही, हे त्यांनी पुढे स्वतःच मान्य केले.

महाराष्ट्रात हे सारे प्रवाह एकमेकांना भिडले. माथेरानला जन्मलेले विधिज्ञ आसफ फैजी धर्म आणि कायदा यांची फारकत सुचवत होते. असगर अली इंजिनियर मुंबईतून दाऊदी बोहरा सुधारणेची चळवळ चालवत कुराणातूनच स्त्रीहक्क मांडत होते. चिपळूणजवळच्या मिरजोळीचे हमीद दलवाई यांना हा आटापिटाच मान्य नव्हता. १८ एप्रिल १९६६ रोजी सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा त्यांनी मुंबईत विधानभवनावर नेला आणि १९७० मध्ये पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापले. नाव जोतीराव फुल्यांकडून घेतले होते आणि भूमिकाही त्याच वळणाची होती: नागरिकाचे हक्क ग्रंथाच्या अर्थावर अवलंबून ठेवायचेच कशाला?

एका दमात दिलेल्या तिहेरी तलाकचा प्रश्न ग्रंथाचा अर्थ आणि नागरिकाचा हक्क या दोन्ही वाटांनी सुटत गेला. असे तीन तलाक म्हणजे एकच, हे मत चौदाव्या शतकात इब्न तैमियांनी दिले होते. वहाबींना आदर्श वाटणाऱ्या या विद्वानाचे मत इजिप्तने १९२९ मध्ये कायद्यात घेतले. भारतात अहले हदीस पंथाचे लोक हेच मानत होते, पण हनफी बहुसंख्य ते मान्य करत नव्हते. २२ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शायरा बानो प्रकरणात तीन विरुद्ध दोन मतांनी ही प्रथा रद्द केली. बहुमतातल्या दोन न्यायमूर्तींनी ती मनमानी, म्हणून घटनेविरुद्ध ठरवली. तिसरे न्यायमूर्ती कुरियन जोसेफ यांनी तलाकविषयक आयती वाचल्या आणि जे कुराणाला मान्य नाही ते शरीयतला मान्य असू शकत नाही, असा निर्णय दिला.