लेक झाली दुभाषी

दसरा-दिवाळी झाली की आमच्या धारूर भागातून ऊसतोडीच्या जोड्या निघतात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. मुकादमाची उचल फिटेपर्यंत परतायचं नाही. काहींचा कारखाना थेट कर्नाटकात. तिथं बाजार, दवाखाना, सगळं कन्नडात!

"पोरगी तिथल्या पोरांत खेळून शिकली. तीच आमची जीभ," माझी शेजारीण सांगते. पण आईच्या अंगावरून जाण्याचं दुखणं दहा वर्षांच्या लेकीनं डॉक्टरांना सांगायचं? कितीतरी गोष्टी ही बाई गिळूनच टाकायची.

२०२१ मध्ये सरकारनं ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी वसतिगृहांची योजना आणली. शाळा बुडू नये म्हणून हिनंही लेकीला वसतिगृहात घातलं. आता दवाखान्यात ती नुसतं बोटानं दाखवते, इथं दुखतंय.