वैयक्तिक सुरक्षा आणि सामाजिक जबाबदारी (नाविक प्रशिक्षण)

वैयक्तिक सुरक्षा आणि सामाजिक जबाबदारी हा व्यापारी जहाजांवरील खलाशी व अधिकारी यांच्यासाठी सक्तीचा असलेला मूलभूत प्रशिक्षणक्रम आहे. इंग्रजी आद्याक्षरांवरून तो ‘पीएसएसआर’ या नावाने ओळखला जातो. भर समुद्रात अग्निशमन दल किंवा रुग्णवाहिका बोलावता येत नाही. त्यामुळे जहाजावरील प्रत्येकाची सुरक्षा सहकाऱ्यांच्या वर्तनावर अवलंबून असते. या प्रशिक्षणक्रमाच्या नावात दोन्ही बाबी एकत्र आल्या आहेत, त्या याच कारणाने.

पार्श्वभूमी

आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने १९७८ मध्ये नाविकांचे प्रशिक्षण, प्रमाणपत्रे व पहारा यांविषयीचा करार संमत केला. तो १९८४ मध्ये अमलात आला. या कराराच्या संहितेनुसार मूलभूत सुरक्षा प्रशिक्षणाचे चार भाग आहेत : समुद्रात जीव वाचवण्याची तंत्रे, आग प्रतिबंध व अग्निशमन, प्राथमिक उपचार आणि प्रस्तुत विषय. २०१० च्या मनिला दुरुस्त्यांनी थकव्यावरील नियंत्रणाचा विषय या प्रशिक्षणात आणला. छळ, दमदाटी व लैंगिक अत्याचार यांना प्रतिबंध करण्याविषयीची दुरुस्ती २०२४ मध्ये स्वीकारण्यात आली व १ जानेवारी २०२६ पासून लागू झाली.

आशय

आणीबाणी : भोंग्याचे सात किंवा अधिक आखूड व त्यानंतर एक लांब स्वर हा सर्वसाधारण धोक्याचा इशारा होय. तो ऐकताच नेमून दिलेल्या जागी जाणे व ठरलेले काम करणे आवश्यक असते. प्रत्येक नाविकाला दरमहा किमान एकदा आग विझवण्याच्या व एकदा जहाज सोडण्याच्या सरावात भाग घ्यावा लागतो.

बंदिस्त जागा : रिकाम्या टाक्या व मालकक्ष यांत लोखंड गंजल्यामुळे किंवा कोळसा, लाकूड यांसारख्या मालामुळे हवेतील प्राणवायू कमी होतो. एरवी हवेत तो सुमारे २१ टक्के असतो. हा धोका डोळ्यांना दिसत नाही. जुन्या विहिरीत किंवा धान्याच्या पेवात उतरणाऱ्यालाही तोच संभवतो. आत कोसळलेल्या सहकाऱ्याला वाचवण्यासाठी घाईने उतरलेला दुसरा माणूसही प्राणास मुकल्याच्या घटना वारंवार घडल्या आहेत. म्हणून प्रथम इशारा द्यावा आणि श्वसनयंत्र व तयार पथक यांच्याशिवाय आत पाऊल टाकू नये, असे शिकवले जाते. हवेची तपासणी व लेखी परवानगी यांशिवाय अशा जागेत नेहमीच्या कामासाठीही प्रवेश करता येत नाही.

विश्रांती : नाविकाला २४ तासांत किमान १० व सात दिवसांत किमान ७७ तास विश्रांती मिळाली पाहिजे. थकलेला पहारेकरी सर्वांनाच धोक्यात घालतो.

प्रदूषण व मानवी संबंध : कोणत्याही प्रकारचे प्लास्टिक समुद्रात टाकण्यास बंदी आहे. भिन्न देश, भाषा व धर्मांचे लोक अनेक महिने एकत्र राहत असल्याने आदेश नीट समजून घेणे, न समजल्यास पुन्हा विचारणे आणि व्यसनांपासून दूर राहणे यांवरही भर असतो.

महाराष्ट्रातील प्रशिक्षण

मुंबईत १९२७ मध्ये ‘डफरिन’ या प्रशिक्षण जहाजावर भारतीय नौ-अधिकाऱ्यांचे शिक्षण सुरू झाले. भारतातील सागरी प्रशिक्षणावर मुंबईतील नौवहन महासंचालनालयाचे नियंत्रण असते. पुणे जिल्ह्याला समुद्रकिनारा नसला, तरी लोणी काळभोर व तळेगावजवळील इंदुरी येथे सागरी शिक्षणसंस्था आहेत.

सातवाहनकाळात जुन्नरचा माल नाणेघाटाने कोकणातील बंदरांकडे जात असे. आज मात्र जुन्नर, आंबेगाव यांसारख्या घाटमाथ्यावरील तालुक्यांत, कोकणातील दर्यावर्दी गावांप्रमाणे, जहाजावरील नोकरीची माहिती घरातूनच मिळण्याची शक्यता कमी असते. त्यामुळे संस्थेला महासंचालनालयाची मान्यता आहे की नाही आणि भरती करणाऱ्या संस्थेकडे त्याचा परवाना आहे की नाही, हे प्रवेशापूर्वी पडताळणे महत्त्वाचे ठरते. भारताने २०१५ मध्ये मान्य केलेल्या सागरी कामगार करारानुसार नोकरी लावून देण्यासाठी नाविकाकडून शुल्क घेण्यास मनाई आहे.