ताप आणि उष्माघात: अंग दोन्हींत तापतं, मग फरक काय?

बाहेर ४५ अंश असो की १०, शरीराच्या आतलं तापमान ३७ अंश सेल्सिअसच्या आसपास राहतं. हा समतोल मेंदूतला हायपोथॅलॅमस सांभाळतो. उकडलं की तो त्वचेतल्या रक्तवाहिन्या रुंद करतो, घाम आणतो. घाम वाळताना अंगातली उष्णता घेऊन जातो.

जंतुसंसर्ग झाला की हायपोथॅलॅमस स्वतःच ३७ चा आकडा वाढवून ३९ वर नेतो. म्हणूनच ताप चढताना अंग गरम असूनही हुडहुडी भरते. पॅरासिटामॉल हा आकडा खाली आणतं आणि ताप उतरतो.

उष्माघातात आकडा वाढलेलाच नसतो. उष्णता बाहेर टाकणारी यंत्रणाच कोलमडते. शरीरातलं पाणी घटलं की घाम कमी होतो आणि दमट हवेत आलेला घाम वाळत नाही. तापमान ४० च्या वर गेलं की मेंदू, मूत्रपिंड, यकृत यांना इजा होऊ लागते. माणूस बरळतो, त्याची शुद्ध हरपते.

इथे पॅरासिटामॉल काम करत नाही. उलट यकृतावर ताण येऊ शकतो.

मग काय करायचं? १०८ ला फोन करा. रुग्णाला सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता, वारा घाला. मान, काखा आणि जांघेत बर्फ किंवा ओली फडकी ठेवा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका. रुग्णवाहिका येईपर्यंत अंग थंड करत राहा. जीव वाचतो तो याच मिनिटांत.