‘अंबर’ ह्या नांवाचा अर्थ

मलिकंबराचें नांव दक्षिणच्या इतिहासांत पदोपदीं येतें. त्याचा अर्थ मात्र क्वचितच कोणी पाहतो. संस्कृतांत अंबर म्हणजे आकाश अथवा वस्त्र. त्यावरून ह्या नांवाचा अर्थ लावण्याचा मोह होतो, तो आवरला पाहिजे. शब्द अरबी आहे व तो ऐन, नून, बे, रे ह्या चार अक्षरांनीं लिहितात. लेखनांत ‘अन्बर’ असतां बे-पूर्वींच्या नूनचा उच्चार मकारासारखा होतो, म्हणून ‘अंबर’. मराठी अनुस्वारानें हा भेद पोटांत घातला आणि आमच्या कागदांत ‘मलिकंबर’ असें जोडरूप रूढ झालें. त्यांतील ‘मलिक’ हा किताब होय, नांव नव्हे.

अंबर म्हणजे एका जातीच्या देवमाशाच्या आंतड्यांत उत्पन्न होऊन समुद्रकांठीं लागणारें करडें वा काळसर सुगंधी द्रव्य. अत्तरांत व औषधांत त्याचा उपयोग होई व त्यास मोलही तसेंच पडे. हाच शब्द युरोपांत जाऊन पुढें तृणमण्यास लागला. परंतु तृणमण्यास फारशींत ‘कहरुबा’ म्हणतात, आणि तो झाडाचा डीक गोठून झालेला असतो. दोहोंचा घोटाळा करूं नये.

आतां हें द्रव्यनाम मनुष्यास कां? इस्लामी देशांत विकत घेतलेल्या गुलामांस रत्नांचीं, फुलांचीं व सुगंधांचीं नांवें देण्याची चाल होती. याकूत म्हणजे माणीक, रैहान म्हणजे सुगंधी तुळशीजातीचें झाड, काफूर म्हणजे कापूर. भूगोलकार याकूत हमवी (मृत्यु इ. स. १२२९) हा ह्याच रीतीनें नांव मिळालेला मुक्त दास होता. जंजिऱ्याच्या सिद्दी संबळाचें नांवही ‘सुंबुल’, म्हणजे जटामांसी, ह्याचेंच रूप असावें असें आम्हांस वाटतें. नून-बे यांचा उच्चार तेथेंही तसाच होतो. कापूर पांढरा, तरी दहाव्या शतकांत मिसरचा कारभार चालविणारा काफूर (मृत्यु इ. स. ९६८) वर्णानें काळा होता. ह्यांत थट्टा नसेलच असें म्हणवत नाहीं. अंबर ह्या नांवांत मात्र किंमत, सुगंध व काळा रंग हीं तिन्ही एकत्र येतात. फारशी कवींनीं काळ्या केसांस अंबराची उपमा दिली ती ह्याचमुळें.

मलिकंबर हबशाण देशचा. त्याचें मूळ नांव चापू होतें व ‘अंबर’ हें नांव बगदादच्या मीर कासिम नामक धन्यानें ठेवलें, असें सांगतात. पुढें तो निजामशाहीचा पेशवा चंगीजखान ह्याच्या पदरीं आला. हा चंगीजखानही हबशीच. अशा नांवामागें बापाचें नांव नसतें, कुळ नसतें. ज्यानें इ. स. १६१० मध्यें खडकी वसविली, जमाबंदी बसविली व मोगलांस वर्षानुवर्षें झुंजविलें, त्याच्या वंशाचा माग त्याच्या नांवावरून लागत नाहीं. त्याच्या एका मुलाचें नांव चंगीजखान होतें. जुन्या धन्याची ही आठवण असावी, असा आमचा तर्क आहे.

संग्राहकांसाठीं एक सूचना. शिकस्ता लिपींत नुक्ते गाळण्याची खोड असते. नुक्ते नसतां ‘अन्बर’ व ‘अन्तर’ हीं दोन्ही नांवें एकाच आकृतीचीं दिसतात. दुसरें नांव प्राचीन अरब वीर अन्तर ह्याचें. ‘कंबर’ (हजरत अलींच्या सेवकाचें नांव) आरंभींच्या काफमुळें वेगळें ओळखतां येतें, पण अक्षराचें डोकें पुसट असल्यास तेंही फसवितें. अशा जागीं शिक्क्यावरील ठसा व कागदाची तारीख पाहिल्यावांचून वाचन कायम करूं नये. ‘मलिकंबर’ ह्या नांवाच्या मोडी नकला पाहतांना मूळ फारशी कागद उपलब्ध असेल तर चारही अक्षरें त्यावरून ताडून घ्यावीं; अनुस्वारावरून नून होता कीं मीम होता हें ठरत नाहीं.